एका मोठ्या संख्येची फोड

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच आहे. त्या पटाला आणखी तीन घरे आहेत असे घटकाभर धरा. मग दाण्यांची बेरीज २ चा ६७ वा घात उणे १, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ इतकी होईल. या एकवीस अंकी संख्येने गणित्यांना अडीचशेहून अधिक वर्षे झुलवत ठेवले.

फ्रेंच धर्मोपदेशक मेर्सेन यांनी १६४४ साली ही संख्या मूळ असल्याचे सांगितले. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा भाजक नाही. १८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणित्याने ती मूळ नाही असे सिद्ध केले. मौज अशी की, तिचा एकही अवयव त्यांच्या हाती लागला नव्हता!

हे कसे शक्य आहे? फर्मा यांचा १६४० मधील एक नियम पाहा. कोणतीही विषम मूळ संख्या घ्या. तिच्याहून एकने कमी इतका २ चा घात करा आणि त्याला तिनेच भागा. बाकी नेहमी १ उरते. ७ साठी २ चा सहावा घात ६४, बाकी १. आता १५ घ्या. २ चा चौदावा घात १६,३८४. त्याला १५ ने भागल्यास बाकी ४. म्हणजे ३ आणि ५ यांचे नावही न काढता आपण म्हणू शकतो की, १५ मूळ नाही. (उलट, बाकी १ आली म्हणून संख्या मूळच असते असे नाही, ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरीही तिची बाकी १ च येते.) ल्यूका यांची कसोटी याहून निराळी, पण मर्म हेच. चोरी झाल्याचे कळले. चोर मात्र सापडला नाही.

तो सापडला १९०३ च्या ऑक्टोबरात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील सभेत प्राध्यापक कोल यांनी अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला, आणि या शोधापायी त्यांचे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले होते, अशी आख्यायिका आहे. गुणाकाराचा ताळा आपणही कागद-पेन्सिल घेऊन एका बैठकीत पाहू शकाल.

जोडणे सोपे, फोडणे कठीण! याच विषमतेवर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली गुप्तलेखनाची पद्धत उभारली. संगणकावरील व्यवहारांच्या रक्षणासाठी ती आजही वापरात आहे. २००२ साली कानपूरच्या आय. आय. टी. मधील अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे निःसंशय ठरवण्याची एक रीत दिली. अंक वाढले तरी तिचा खटाटोप बेतानेच वाढतो. पण फोड करण्याची तशी रीत आपल्या नेहमीच्या संगणकांसाठी अद्याप कोणी दिलेली नाही. आपल्या गुप्ततेचे कुलूप आहे ते या न सुटलेल्या गणिताचे.