लाईन क्लिअर

आगगाडी चालविण्यापेक्षा ती वेळेवर थांबविणे अधिक अवघड असते. पोलादी रुळांवर धावणारी पोलादी चाके ब्रेक लावल्यावरही गाडीला बरेच अंतर पुढे नेतात. अडथळा चालकाच्या दृष्टीस पडेपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. म्हणून पुढची वाट मोकळी असल्याची हमी त्याला कोणीतरी आधीच द्यावी लागते. रेल्वेच्या परिभाषेतील कितीतरी शब्द या हमीचेच निरनिराळे प्रकार होत.

दोन स्थानकांमधील मार्गाच्या टप्प्याला ‘ब्लॉक सेक्शन’ म्हणतात. एका वेळी एका टप्प्यात एकच गाडी, हा त्याचा नियम. पुढील स्थानकाने गाडी घेण्यास संमती दिली म्हणजे ‘लाईन क्लिअर’ मिळाला. एकेरी मार्गावर ही संमती लोखंडी गोळ्याच्या, म्हणजेच ‘टोकन’च्या, रूपाने चालकाच्या हाती देण्याची पद्धत रूढ झाली. गोळा हाती आल्यावाचून त्या टप्प्यात शिरण्याची त्याला मुभा नसे. हा नियम सहजासहजी आलेला नाही. १८८९ साली आयर्लंडमधील आर्मा येथे भीषण अपघात झाला, तेव्हा कुठे ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर ही पद्धत सक्तीची केली.

परंतु हमी देणारे यंत्रच बिघडले तर? जुन्या सिग्नलचा हात आडवा असला म्हणजे ‘थांबा’, खाली झुकला म्हणजे ‘चला’. ‘सिग्नल पडला’ हे शब्द त्यावरूनच आले. तार तुटली तर वजनाच्या भाराने हात पुन्हा आडवा व्हावा, अशी त्याची रचना असे. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने योजिलेल्या ‘ट्रॅक सर्किट’मध्ये रुळांतून सौम्य वीजप्रवाह खेळतो. गाडी आली की तिची चाके व आस त्या प्रवाहाला जवळची वाट देतात आणि सिग्नल लाल होतो. वीज गेली तरी तो लालच होतो. शंका असेल तेथे थांबावे, हे तत्त्व अशा रीतीने यंत्रातच गोविलेले आहे.

आता गाडीत चालकच नसेल तर ही हमी द्यावयाची कोणाला? याचे उत्तर दक्षिण दिल्लीतील मुनिरका येथे मिळते. मॅजेंटा मार्गावरील हे भूमिगत मेट्रो स्थानक २९ मे २०१८ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले. २८ डिसेंबर २०२० पासून या मार्गावर देशातील पहिली चालकविरहित सेवा सुरू झाली. येथे टप्पा स्थिर नसून गाडीबरोबर पुढे सरकतो. गाडी आपले स्थान रेडिओद्वारे सतत कळविते. पुढील गाडीच्या मागे सुरक्षित अंतर राखून तिने कोठवर जावे, हे नियंत्रण यंत्रणा ठरविते. त्या परवानगीस ‘मूव्हमेंट ऑथॉरिटी’ म्हणतात. संपर्क तुटल्यास गाडी स्वतःच ब्रेक लावते.

म्हणजे गोळा गेला, परवानगी मात्र राहिली. मनुष्याची जबाबदारीही राहिली. १९ डिसेंबर २०१७ रोजी याच मार्गाच्या कालिंदी कुंज आगारात एक रिकामी गाडी भिंत फोडून बाहेर आली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. या घटनेमागे मानवी चूक असल्याचे मेट्रोने सांगितले. चालकाची जागा रिकामी झाली, तरी यंत्रणेची आखणी करणारे, ती तपासणारे व नियंत्रण कक्षात बसणारे हात माणसांचेच असतात. ‘वाट मोकळी आहे’ या शब्दामागे शेवटी त्यांचीच दक्षता उभी असते.