ढीग मोठा, माती थोडी

वणीकडे एका उघड्या कोळसा खाणीजवळ मी टेप लावून मातीचा ढीग मोजत होतो. ही माती एक एकरातून एक फूट खोल खरवडून काढलेली. ढीग भरला बरोबर 435 ब्रास. मी मोठ्या आनंदाने सांगितले, "मूठभरही माती वाया गेली नाही!" शेजारी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "साहेब, खड्ड्यातली माती पुन्हा खड्ड्यात मावते का जी?"

मी गप्पच झालो. बी.एस्सी. होऊनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

हिशोब साधा आहे. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, ब्रास म्हणजे 100 घनफूट. तेव्हा एक फूट थराची माती 435 ब्रास झाली. पण ती शेतात दाबून बसलेली असताना! मोकळी केली की माती फुगते. आपल्या जमिनीत किती फुगते ते घरीच पाहता येते. फूटभर लांब, रुंद व खोल खड्डा घ्या आणि निघालेली माती तेवढ्याच मापाच्या खोक्यात न दाबता भरा. सव्वा खोके भरले, तर फुगवटा सव्वापट. या मापाने तो ढीग 544 ब्रास भरायला हवा होता. भरला 435, म्हणजे मूळची माती 348 ब्रासच आली. 87 ब्रास गेली. शेतावरून जवळजवळ अडीच इंचांचा थर गेला म्हणा ना!

गेली कुठे? थोडी मुरमात मिसळली, थोडी ट्रकच्या रस्त्याखाली दबली, थोडी पावसात वाहून गेली. ढीग फार उंच केला, तर तळच्या मातीला हवा मिळत नाही आणि तिच्यातले जीवजंतू मरतात. हे नुकसान तर टेपने मोजताही येत नाही. म्हणून ढीग ठेंगणा हवा आणि त्यावर ताग किंवा गवत पेरलेले हवे.

मूळ माती किती, हे यंत्र शेतात शिरण्यापूर्वीच मोजावे लागते. नाल्याकडे काळी माती चार फूट निघेल, टेकाडाकडे वीतभरावर मुरूम लागेल. तेव्हा बांधालगतच्या एका सोयीच्या खड्ड्यावर भागवू नका. शेतभर खड्डे घ्या, सरासरी काढा आणि तारीख घालून वहीत लिहा. चार शेजाऱ्यांच्या सह्याही घ्या.

पर्यावरणाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या नव्या खाणीसाठी जनसुनावणी होते. तिथे ही वही घेऊन जा. खड्डे कुठे घेतले, ढीग कुठे राहणार, किती वर्षे राहणार आणि आकड्यात फुगवटा धरला आहे की नाही, हे विचारा. उत्तर तोंडी नको. इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. घरातल्या बायामाणसांनाही बरोबर न्या. मला तो प्रश्न एका आजींनीच विचारला होता.