नागपूरच्या उन्हात कॉन्टेसा उभी करताना

मसल कार म्हटलं की डोळ्यांपुढे अमेरिका येते. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवून ‘जीटीओ’ विकायला काढली; ताकद ३२५ अश्वशक्ती. अशा गाड्या आपल्याकडे अपवादानेच आल्या. त्या घराण्याचं रूप घेऊन आली ती कॉन्टेसा. हिंदुस्तान मोटर्सने ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचे साचे आणले आणि १९८४ पासून बंगालमधल्या उत्तरपाड्यात ती बनवायला घेतली. व्हॉक्सहॉल ही तेव्हा जनरल मोटर्सचीच कंपनी, त्यामुळे लांब बॉनेट आणि रुंद खांदे हे अमेरिकी वळण तिच्या अंगातच होतं. इंजिन मात्र अ‍ॅम्बेसेडरचं, १४८९ सीसीचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे ती रूपाला साजेशी धावू लागली. २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

अशी गाडी नागपुरात एखाद्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असते आणि घरातला मुलगा ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतो. त्याच्या मनात बहुधा मोठं इंजिन, रुंद टायर आणि खाली बसवलेली बॉडी असते. माझं ठाम मत असं, की पाना हातात घेण्याआधी काय बदलायचं नाही याची यादी करावी.

पहिलं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. परवानगीशिवाय दुसऱ्या जातीचं इंजिन टाकलं, तर एमएच-३१ ची पाटी असलेली गाडी नोंदणीच्या नूतनीकरणाला अडकते. जुलै २०२१ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. मंत्री होते नागपूरचेच खासदार नितीन गडकरी. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला नेता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही. अट एकच मोठी: चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं.

आता पत्रा. जीपला खाली वेगळी चेसिस असते, वरचा सांगाडा उतरवता येतो. कॉन्टेसाचं तसं नाही. फरशी, दाराखालचे पोकळ पट्टे आणि खांब मिळूनच तिचा कणा होतो. सडलेला पत्रा एकदम कापला की गाडी वाकते आणि मग दारं काही केल्या बसत नाहीत. म्हणून कापण्याआधी आतून लोखंडी आडवे दांडे वेल्ड करून मापं धरून ठेवावी लागतात, आणि एका वेळी एकच बाजू उघडावी लागते. पुट्टीने भोक बुजवणारा कारागीर स्वस्त पडतो, पण दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याएवढा गंज लागत नाही, हे आपलं भाग्य. नागपूरच्या गाडीचा पत्रा बरेचदा वाचवता येतो.

उन्हाने मात्र बाकी सगळं खाल्लेलं असतं. डॅशबोर्ड तडकतो, दारांचं रबर खडूसारखं भुरभुरतं, वायरीवरचं प्लास्टिक हाताने चुरतं. वायरिंग जोडजाड न करता पूर्ण नवं ओढावं. पैसा वाचवायची ही जागा नव्हे, जुन्या गाड्यांना आग लागते ती बरेचदा इथूनच. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा इंजिनजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते. यांत्रिक पंपाला वाफ ओढता येत नाही, आणि गाडी चौकातच बंद पडते. पूर्वी चालक पंपावर ओलं फडकं ठेवत. आता नळी एक्झॉस्टपासून दूर फिरवणं, मध्ये उष्णतारोधक पत्रा घालणं, रेडिएटरची जाळी नवी भरून त्यासमोर विजेचा पंखा बसवणं हे उपाय आहेत. असे बदल मी आनंदाने मान्य करीन, कारण ते न करता गाडी नागपुरात चालणारच नाही, आणि हवं तेव्हा ते काढूनही टाकता येतात.

त्यातच पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि पाणी ओढून घेतं, म्हणजे टाकी आतून गंजते. त्यात ऑक्सिजनही असल्याने जुन्या कार्बोरेटरमधलं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालावा, जेट एक नंबर मोठा करून पाहावा, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी.

रंगाला मुहूर्त लागतो, तो हवामानाचा. उन्हाळ्यात रंगाची वरची साय लगेच वाळते, आतला थिनर अडकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. श्रावणात दमट हवेने जुन्या पद्धतीच्या ड्युको रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतर, हिवाळी अधिवेशनाच्या आसपासचे कोरडे थंड दिवस गाठावेत.

सुटे भाग हा चिकाटीचा मामला. मुंबईचं कुर्ला, दिल्लीचं मायापुरी धुंडाळावं लागतं. न मिळालेलं हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या लेथवर घडवून घ्यावं लागतं. जुना झिजलेला नग त्यासाठी नमुना म्हणून लागतोच. तेव्हा काढलेला कुठलाही मूळ भाग भंगारात देऊ नये, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा. पहिल्या कॉन्टेसांना २०३४ मध्ये ५० वर्षं पूर्ण होतील आणि ‘व्हीए’ नोंदणीसाठी त्या तपासायला उभ्या राहतील, तेव्हा मूळचं कार्बोरेटर, मूळचे दिवे, मूळचं स्टिअरिंग हे सगळं त्याच पेटीतून काढून परत बसवता येईल.