पऱ्हाटीतील साखर व सूक्ष्म जंतूंचे कार्य

वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या भागांत कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटली जाते. काही चुलीत जाते, काही कुंपणास लागते व उरलेली पुष्कळदा धुऱ्यावर जाळली जाते. तुराटीची व गुरांना पुरून उरलेल्या सोयाबीनच्या कुटाराची गतही अनेक ठिकाणी तीच होते. टाकाऊ समजल्या जाणाऱ्या या पदार्थांत साखर साठलेली असून तिच्यापासून इंधन तयार करता येते. ही क्रिया कशी घडते व तीत जमिनीचा वाटा कोणता, हे शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

साखरेची तीन रूपे

झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू व मुळांनी घेतलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करते. उसाच्या रसात ही साखर मोकळी असते. ज्वारी व मक्याच्या दाण्यात तिचे कण एकमेकांस जोडले जाऊन स्टार्च म्हणजे पिष्ट बनते. पऱ्हाटीत त्याच कणांच्या लांब, चिवट साखळ्या होतात. त्यांस सेल्युलोज म्हणतात. कुडाच्या भिंतीत काड्या जशा मातीने लिंपलेल्या असतात, तशा या साखळ्या लिग्निन नावाच्या कठीण द्रव्यात लिंपलेल्या असतात. म्हणूनच लाकूड गोड लागत नाही व लवकर कुजतही नाही.

जंतू साखरेचे काय करतात

यीस्ट म्हणजे किण्व हा जंतू साखर खाऊन जगतो. हवा मिळाली नाही म्हणजे तो साखर अर्धवट पचवितो आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. १०० किलो द्राक्षशर्करेपासून फार तर ५१ किलो मद्यार्क मिळतो. बाकीचे वजन वायुरूपाने निघून जाते. परंतु साखरेतील उष्णतेचा फार मोठा भाग मद्यार्कातच शिल्लक राहतो, व त्यामुळे तो इंधन म्हणून उपयोगी पडतो. यासच इथेनॉल म्हणतात.

जंतू बदलला की पदार्थ बदलतो. विरजणातील जंतू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. हेच आम्ल वनस्पतींच्या साखरेपासून काढून त्याचे प्लॅस्टिक बनविता येते. अशा प्लॅस्टिकचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ साली पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे सुरू झाला.

पऱ्हाटीची अडचण

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग आपल्या राज्यात २००१ साली मिरज व मनमाड येथे झाले. २००३ पासून हा कार्यक्रम देशात सुरू झाला आणि २०२५ साली मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. परंतु हे इथेनॉल मुख्यतः उसाचा रस, मळी, मका व तांदूळ यांपासून होते, कारण त्यांतील साखर जंतूंच्या हाती सहज लागते.

पऱ्हाटीची गोष्ट निराळी आहे. आधी उष्णता व आम्ल यांच्या योगे तिचे लिंपण सैल करावे लागते, नंतर विकरांनी साखळ्या तोडाव्या लागतात. त्यातून निघणाऱ्या साखरेचा काही भाग झायलोज या जातीचा असतो व तो साधे यीस्ट खात नाही. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना हरियाणात पानिपत येथे २०२२ साली उभा राहिला. परंतु हे काम मोठ्या भांडवलाचे आहे, गावात होण्याजोगे नाही.

जमिनीचा वाटा

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. इथेनॉलमध्ये कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीनच मूलद्रव्ये असतात, आणि ती झाडाने हवा व पाणी यांपासून घेतलेली असतात. नत्र, स्फुरद व पालाश ही जमिनीतून आलेली द्रव्ये जंतूंच्या कामानंतर उरलेल्या चोथ्यात व पाण्यात राहतात. म्हणजे साखर गेल्याने शेताचे खत जात नाही; संपूर्ण काडी गेल्याने मात्र ते जाते. काडी जाळल्यास राखेत पालाश उरतो, परंतु नत्राचा बहुतेक भाग व सेंद्रिय पदार्थ नष्ट होतात.

गावात करण्याजोगे काम

गोबरगॅस संयंत्र हे याच तत्त्वाचे घरगुती उदाहरण होय. २ घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. हवाबंद टाकीत जंतू शेणातील उरलेल्या सेल्युलोजपासून जळाऊ वायू तयार करतात, व खताची द्रव्ये मळीत राहतात. ती मळी शेतात परत घालावी.

पऱ्हाटी लाकडासारखी असल्याने अशा टाकीत घालू नये. तिचे यंत्राने बारीक तुकडे करून शेण व पुरेसा ओलावा देऊन कंपोस्ट करावे. धुऱ्यावर तिचे ढीग ठेवू नयेत, कारण न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते.

काडीकचरा विकत घेण्यास कोणी आल्यास केवळ भाव पाहू नये. उरलेले खतद्रव्य शेतात परत मिळणार काय, हे विचारावे. मिळणार नसेल तर तितक्या खताची किंमत भावातून वजा करून हिशेब मांडावा आणि काही काडी शेतासाठी राखून ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्यांस करून दाखवावा व अधिक सल्ल्यासाठी रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.