जाम्याचा बंद कुठल्या बाजूला?

१६८८-८९ च्या हिवाळ्यात औरंगजेबाची छावणी अकलूजला होती. गावाचं नावही असदनगर केलं गेलं होतं. तिथे कोण काय घालत असे, हे जाणून घ्यायला त्या काळची लघुचित्रं उपयोगी पडतात.

त्यांत सर्वत्र दिसतो तो जामा, म्हणजे छातीवर आडवा येऊन काखेपाशी बंदाने बांधायचा घेरदार अंगरखा. रिवाजाने हिंदू तो डाव्या काखेखाली बांधत, मुसलमान उजव्या. त्यामुळे नाव नसलेल्या चित्रातला माणूस कोण, याचा पहिला अंदाज बंदावरून येतो. मात्र युरोपात छापलेल्या कोरीव चित्रांत डावं-उजवं उलटलेलं असू शकतं, म्हणून तिथे घाई नको. लांबीवरून काळही ताडता येतो. अकबराच्या वेळी टोकदार पदरांचा जामा चाले, जहांगीरच्या वेळी तो गुडघ्यापर्यंत गोल झाला आणि अठराव्या शतकात घोट्याशी पोचला. चित्रकार जेम्स वेल्सने १७९० च्या दशकात पुण्यात पेशवे दरबारातली माणसं रंगवली, तो याच लांब जाम्याचा काळ.

चित्रकार मात्र चापूनचोपून रंगवतो. शिवण, अस्तर, घामाचे डाग, ठिगळं पाहायची तर खरा कपडाच हवा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं आहेत. पण टिकतं ते बहुधा श्रीमंतांचं, सणासुदीचं. जरीचंही पुष्कळसं चांदीसाठी जाळलं गेलं. छावणीत घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराचं सुती धडुतं विरेपर्यंत वापरलं गेलं आणि उरलंसुरलं गोधडीत गेलं.