वॉशिंग मशीनमधील जळका वास : दोष ओळखावा कसा?

धुणे चालू असताना वॉशिंग मशीनमधून जळका वास येऊ लागला, तर ते तत्काळ बंद करून प्लग काढावा, आणि प्लगच तापलेला असेल तर त्याला हात न लावता घराचा मेन स्विच बंद करावा. त्यानंतर वास कशासारखा होता आणि धुण्याच्या कोणत्या टप्प्यावर आला, हे आठवून पाहणे उपयोगाचे ठरते, कारण मशीन न उघडताही दोषाचा अंदाज बहुधा त्यावरून बांधता येतो.

जळक्या रबराचा वास असल्यास मोटारीची गती टबाकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्याकडे संशय जातो. पट्टा सैल झाला असेल, किंवा पाणी पिऊन कितीतरी जड होणारी गोधडी मशीनमध्ये कोंबली असेल, तर तो पुलीवर घसरतो व घर्षणाने तापतो.

उग्र, करपट वास अधिक गंभीर असतो. मोटारीतील तांब्याच्या तारेवर व्हार्निशचा विद्युतरोधक थर असतो आणि अतिउष्णतेने तोच करपू लागतो. अनेक मशीनांतील एकफेजी मोटारीला स्वबळावर फिरणे सुरू करता येत नाही. ती चालना तिला कपॅसिटर या विद्युतभार साठवणाऱ्या भागामुळे मिळते. कपॅसिटर निकामी झाला, किंवा व्होल्टेज फार उतरले, की मोटार न फिरता नुसती गुणगुणते, नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते आणि तापत जाते. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये धुण्याची व पिळण्याची मोटार वेगळी असल्याने वास केवळ पिळताना येत असेल, तर दोष बहुधा त्याच बाजूला असतो. थंड झाल्यावर अशी मोटार पुन्हा चालते, म्हणून ती बरी झाली असे मानले जाते; करपलेला थर मात्र पूर्ववत होत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरू शकतो, त्यामुळे तेथे जाणकार तंत्रज्ञानेच हात घालावा.

पाणी बाहेर टाकताना वास आला, तर नाणे किंवा केसांची पिन अडकून पंप जखडलेला असू शकतो.

सर्वांत दुर्लक्षित जागा मात्र मशीनच्या बाहेर, भिंतीवर असते. पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर सुमारे 2000 वॅटचा असला, तर 230 व्होल्टला तो जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह घेतो. 6 अँपिअरच्या सॉकेटला किंवा स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाला तो पेलवत नाही आणि प्लास्टिक वितळू लागते. यासाठी 16 अँपिअरचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट हवे. प्लगची पिन काळवंडली असेल, तर प्लगबरोबर सॉकेटही बदलावे, कारण उष्णतेने त्याची आतली पकड सैल झालेली असते आणि त्यात बसवलेला नवा प्लगही तसाच तापतो.