सर्पदंश : पहिल्या घटकेचे मोल

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जनजीवन वनाशी निगडित आहे. चैत्रात मोहफुले वेचणे, वैशाखात तेंदूपाने तोडणे आणि पावसाळ्यात धानाची रोवणी करणे, ही सारी कामे वाकून, पालापाचोळ्यात वा चिखलात हात घालून करावी लागतात. साहजिकच माणूस व साप यांची गाठ येथे वारंवार पडते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष, म्हणजे दरसाल सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातील आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याची सिद्धी बव्हंशी दंशानंतरच्या पहिल्या घटकेत गावात काय घडते यावर अवलंबून राहील.

विषाचे कार्य

आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे साप प्रामुख्याने चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि अखेर श्वास बंद पडतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाऊ लागते.

मण्यार विशेष फसवी आहे. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. वेदना फारशी होत नाही आणि दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, डोळे उघडेनासे होतात. आश्रमशाळेतील एखाद्या मुलाने सकाळी अशी तक्रार केली, तर ती अपचनाची समजून शिक्षकांनी स्वस्थ बसू नये. साप कोणी पाहिला नसला तरी मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

मंत्राने गुण का येतो?

साप चावला की अनेक ठिकाणी प्रथम पुजारी वा वैदू यांच्याकडे धाव घेतली जाते, आणि रुग्ण बरा झाल्याची उदाहरणेही सांगितली जातात. याचे कारण समजून घेतले पाहिजे. बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापदेखील प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असा रुग्ण कोणत्याही उपायाने, किंबहुना उपायावाचूनही, बरा होतो. ज्याच्या शरीरात विष भिनले आहे त्याच्यासाठी मात्र प्रतिविष हेच औषध होय. ते घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार करतात व शिरेवाटे देतात. भुकटीच्या स्वरूपातील प्रतिविषास शीतकपाटाची गरज नसल्याने ते दुर्गम भागातील आरोग्य केंद्रातही ठेवता येते. हेमलकसा येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया बांधवांवर उपचार करताना सर्पदंशाचेही असंख्य रुग्ण हाताळले. आधुनिक उपचारावरील विश्वास अशा अनुभवातूनच दृढ होतो. पुजाऱ्यास गावात मान असतो. त्यानेच 'आधी दवाखाना' असे सांगितले, तर ते अधिक परिणामकारक ठरते.

काय करावे, काय टाळावे

रुग्णास प्रथम धीर द्यावा. स्नायूंच्या हालचालीने विष शरीरात लवकर पसरते, म्हणून त्यास चालू देऊ नये. मोडलेल्या हाडास बांधतात त्याप्रमाणे दंश झालेल्या हातापायास फळी वा काठीचा आधार देऊन तो स्थिर ठेवावा. सूज येण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी काढून घ्यावीत. गुंगी वा उलटी असल्यास कुशीवर निजवावे. श्वास थांबल्यास तोंडाने कृत्रिम श्वास द्यावा व दवाखाना येईपर्यंत तो देत राहावे. अशा प्रयत्नाने मण्यारीच्या दंशाचा रुग्णही वाचू शकतो.

दोरीने घट्ट आवळल्यास रक्तप्रवाह बंद पडून अवयव सडू शकतो. तसे कोणी आधीच बांधले असेल, तर ते डॉक्टरांच्या समक्षच सोडावे. जखमेवर चीर दिल्यास, रक्त गोठत नसल्याने, रक्तस्राव आवरत नाही. विष चोखणे, जखम जाळणे, झाडपाला बांधणे, मोहाची दारू पाजणे, हे सर्व वर्ज्य समजावे. साप मारण्यात वा पकडण्यातही वेळ दवडू नये. त्याचे छायाचित्र दुरूनच घेता आले तर पुरेसे आहे.

दवाखान्यात स्वच्छ, कोरड्या काचनळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते की नाही हे पाहिले जाते. बालकासही प्रतिविषाची मात्रा प्रौढाइतकीच लागते, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते. लक्षणे उशिराही उद्‌भवतात, म्हणून बरे वाटत असले तरी रुग्णास २४ तास देखरेखीखाली ठेवावे.

गावाची सिद्धता

या भागातील खरी अडचण अंतराची आहे. पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग अनेकदा घडले आहेत. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्ण खाटेची कावड करून आणावा लागतो. म्हणून ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच काही गोष्टी निश्चित कराव्यात. प्रतिविष कोणत्या केंद्रात उपलब्ध आहे, वाहन कोणाचे, पुराच्या वेळी मार्ग कोणता, कावड वाहणारे तरुण कोण, हे फलकावर लिहून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पोहोचण्यास विलंब लागणार असेल, तर रुग्णास मोटारसायकलवर मध्ये बसवून मागच्याने धरून न्यावे. आरोग्य केंद्रातील साठा व त्याची मुदत आरोग्य अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासावी. आश्रमशाळांत मुलांना खाटा व मच्छरदाण्या मिळाव्यात. रात्री बाहेर पडताना विजेरी व काठी बाळगण्याची सवय शाळेतूनच लागावी.

यांपैकी बहुतेक गोष्टींस फारसा खर्च येत नाही. ग्रामसभेच्या एका बैठकीत हे नियोजन पूर्ण होऊ शकते, आणि ते रोवणीला प्रारंभ होण्यापूर्वी व्हावे, हे इष्ट होय.